एकाच कड्यावरची जोडी

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी डीएनएच्या रेघा दाखवणाऱ्या जेलीच्या पट्टीचा फोटो उघडला तेव्हा पहिली बातमी चांगलीच होती. एका रकान्यात एक रेघ, शेजारच्या रकान्यात दोन. म्हणजे एक नर, एक मादी. गिधाडांत नर-मादी दिसायला सारखेच, नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून रक्ताचा थेंब कागदावर वाळवून नागपूरला आमच्या प्रयोगशाळेत येतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे टाचणीच्या डोक्याएवढा डागही पुरतो. मादीची दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी, झेड आणि डब्ल्यू. नराची दोन्ही झेडच. रेघांचा फरक त्यातून येतो.

नमुने दुसऱ्या राज्यातल्या एका प्रजनन केंद्राचे होते. तिथला पशुवैद्यक मूळचा भंडाऱ्याचा, कॉलेजात मला ज्युनियर. त्याचे सारखे फोन चालले होते. "ताई, लवकर सांगा ना. जोडी जमली आहे, दोघं काड्या आणून राहिले. केव्हाही अंडं घालतील." त्याची घाई मला समजत होती. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायलाच पाचेक वर्षं घेतं. पिंजऱ्यात सोडलेले पक्षी आपला जोडीदार आपणच निवडतात, आपण फक्त वाट बघायची. त्यात हे दोघं रानातून आणलेले मूळ पक्षी.

नर-मादी कळलं की त्याचं काम झालं असतं. माझं उरलं होतं ते नातं तपासण्याचं. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची लांबी पक्ष्यागणिक बदलते. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दुपारी तक्ता समोर आला. एका ठिकाणी नराचे १८४ आणि १९२. मादीचेही १८४ आणि १९२. पुढच्या ठिकाणी एक आकडा सारखा, त्याच्या पुढे पुन्हा दोन्ही सारखे. १९२ हा आकडा आमच्याकडे आलेल्या इतर कोणत्याच पक्ष्यात नव्हता. मी उरलेल्या डागातून डीएनए नव्याने काढायला घेतला, कारण नमुन्यांची सरमिसळ झाली असेल ही शंका आधी फेडायला हवी होती. संध्याकाळी तेच आकडे आले. आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही जुळत होता. मात्र संख्येने एवढ्या घसरलेल्या जातीत तो परक्यांतही जुळू शकतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी काही बोलले नसते.

मग केंद्राची नोंदवही मागवली. दोघंही पिल्लं असताना आणलेली, लागोपाठच्या दोन हंगामांत, एकाच कड्यावरून. या जातीच्या जोड्या कपारीतली तीच जागा वर्षानुवर्षं वापरतात. स्टडबुकात, म्हणजे पक्ष्यांच्या वंशावळीच्या वहीत, मात्र रानातून आलेला प्रत्येक पक्षी बाकीच्यांना परका धरला जातो. आकडे बघत उभे असलेले आमचे प्रयोगशाळा मदतनीस भाऊ म्हणाले, "मॅडम, सगोत्र असतं तं चालवून घेतलं असतं. हे तं सख्खे निघाले."

फोनवर ज्युनियर बराच वेळ गप्प होता. मग चिडला. "ताई, १९९२ ते २००७ मध्ये ही जात सुमारे ९७ टक्के संपली. गिधाडांचा जीव घेणाऱ्या गुरांच्या औषधावर, डायक्लोफेनॅकवर, २००६ मध्ये बंदी आली, तोवर काय उरलं होतं? आणि आता घरटं बांधणारी जोडी तोडायची?"

त्याचं दुःख खरं होतं, पण सख्ख्या भावंडांच्या पिल्लाला दरेक जनुकाची दोन्ही रूपं एकाच पूर्वजाची मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. एरवी दबून राहिलेला दोष तिथे वर येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉरचं उदाहरण मी त्याला दिलं. १९८७ मध्ये उरलेले २७ पक्षी सगळे बंदिवासात होते आणि पुढची सगळी प्रजा अवघ्या १४ मूळ पक्ष्यांची. त्यांच्यात हाडांची वाढ खुंटवणारा एक जीवघेणा दोष सुप्त होता. तो अंगात लपवून असलेल्या दोन वाहकांची गाठ पडली की त्यांच्या चारांतलं सरासरी एक पिल्लू अंड्यातच मरायचं. तिथे म्हणूनच जोड्या वंशावळ बघून लावतात.

शिवाय ही पिल्लं शेवटी रानात जायची. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून याच जातीची १० गिधाडं आपल्या पेंचला आणली गेली. पिंजऱ्यात वेळेवर मांस मिळतं, डॉक्टर हाताशी असतो. बाहेर नवा रोग आला तर सगळे एकाच साच्यातले पक्षी एकाच वेळी जातील. मला विचाराल तर केंद्रात ५० पिल्लं झाली यापेक्षा ती किती घरांची आहेत हे आधी विचारायला हवं.

जोडी तोडायला मीही तयार नव्हते. एवढ्या मन लावून घरटं रचणारे आईबाप सहज मिळत नाहीत. अंडी मात्र त्यांची नकोत, असं आम्ही त्या रात्री ठरवलं. केंद्रात पतंगाच्या मांजाने जखमी होऊन आलेला एक नर होता, दूरच्या भागातला. बरा झाला, पण रानात सोडण्याजोगा उरला नाही. नोंदवहीत त्याच्या नावावर एकही पिल्लू नव्हतं, म्हणजे सगळ्या थव्यात त्याची जनुकं सर्वांत दुर्मीळ. त्याच्या मादीने घातलेलं पहिलं अंडं उबवणी यंत्रात न्यायचं, म्हणजे ती बहुधा दुसरं घालते. भावंडांच्या घरट्यात त्यांच्या अंड्याऐवजी नकली अंडं ठेवायचं आणि यंत्रातलं पिल्लू बाहेर आलं की त्यांच्या पंखाखाली सरकवायचं.

डिसेंबरात नकली अंड्यावर दोघं आळीपाळीने बसले. पिल्लू ठेवलं त्या दिवशी ज्युनियरने व्हिडिओ पाठवला. मादीने काही वेळ त्याच्याकडे वाकून बघितलं आणि भरवायला लागली.

मी त्याच्याकडे रानातून आलेल्या सगळ्या पक्ष्यांचे रक्ताचे कागद मागितलेत. वयात न आलेली पिल्लं एका पिंजऱ्यात सोडायच्या आधीच नाती कळली, तर भावंडं वेगवेगळ्या गटांत ठेवता येतात आणि पुढची ताटातूट टळते. पहिलं पाकीट आलं आहे. त्यात एकाच कड्यावरून आलेले आणखी तीन पक्षी आहेत. सध्या त्यांचंच काम लावलं आहे.