काट्याचं वजन ऑफिसात आणता आणता

राळेगावकडच्या एका जिनिंगवर मी कॉम्प्युटरचं पाहतो. कापसाचा सीझन चालू झाला अन् सेठजी म्हणे, चिठ्ठ्या बंद, काट्याचं वजन डायरेक्ट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिजे. काटा गेटवर, ऑफिस ८० मीटर आत. मी म्हटलं त्यात काय, इंडिकेटर, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणारा डबा, नुसतं वजन पाठवतच राहते, दोन तारा ओढल्या, एक डेटाची एक ग्राउंडची, झालं.

कुठचं झालं! मेटॅडोर काट्यावर, इंडिकेटरवर ४८६० अन् माझ्या स्क्रीनवर कधी नुसतं ४८, कधी चौकोनी डबे. एक कास्तकार खिडकीतून पाहून राह्यला होता, म्हणे, "काहून भाऊ, आता कॉम्प्युटर बी काटा मारते का?" सगळे हासले, मला घाम.

मग वाचलं तर आरएस-२३२ची, म्हणजे इंडिकेटर ज्या पद्धतीनं डेटा पाठवते तिची, जुनी मर्यादाच १५ मीटर, वायर लांबली की कपॅसिटन्स (तारेत चार्ज साठणं) वाढते अन् सिग्नल बोथट होते. डेटाचा स्पीड सेकंदाला ९६०० बिटवरून १२०० केला, रात्री एकदम मस्त चाललं, खुश होऊन घरी गेलो, सकाळी जिनच्या मोटारी सुरू झाल्या की पुन्हा डबे.

मग रिपीटर आणला, म्हणजे मधातच सिग्नल पुन्हा जोरदार करणारा डबा. त्याला करंट लागते अन् मधात प्लग फक्त सरकीच्या गोदामात, म्हणून तिथं बसवला. दोन दिवसात त्याच्यावर रुईचा थर, अन् आकडे उडायचे ते उडतच होते. शेवटी ऑफिसच्या टोकाला ग्राउंडची तार काढली अन् ती तार आणि कॉम्प्युटरची बॉडी यात मल्टिमीटर लावला. मोटारी बंद, जवळपास शून्य. मोटारी चालू, ४-५ व्होल्ट एसी! आता ह्या लाइनवर ३ व्होल्टच्या आतबाहेर सगळा खेळ, तिथं ग्राउंडच नाचत असेल तर रिपीटर बिचारा काय करेल.

आयसोलेशनवाले, म्हणजे दोन्हीकडचे ग्राउंड एकमेकाला न जोडणारे, दोन आरएस-४८५ कन्व्हर्टर लावले, मधात पिळाच्या तारांची जोडी, थ्री फेजच्या केबलपासून दूर, टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर. आरएस-४८५ हे दोन तारांतला फरकच पाहते, १२०० मीटरपर्यंत जाते म्हणतात. तरी पहिला अर्धा दिवस काहीच आलं नाही, ए अन् बी, म्हणजे त्या जोडीतल्या दोन तारा, उलटे लागले होते, दोन कंपन्यांचे डबे असले की ही नावं बी जुळत नाहीत, डोक्याला ताप.

मोटारी चालू असताना ४८६० आलं तेव्हा बरं वाटलं. सेठजी मात्र अजून विचारते, तो गोदामातला डबा काहून आणला होता बे?