कटिंग चहाचे पाच रंग

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नपत्रिकांचे काम थंडावते आणि पुण्यातल्या आमच्या स्क्रीन छपाईच्या कारखान्यातली टेबले मोकळी होतात. अशाच एका पावसाळी आठवड्यात एक तरुण चित्रकर्ती पॉप आर्ट शैलीतले चित्र घेऊन आली. गुलाबी पार्श्वभूमी, पिवळ्या बशीत बनमस्का, फिरोजी कंगोऱ्यांचा ग्लास, त्यात काठोकाठ कटिंग चहा आणि सगळ्याभोवती दोन मिलिमीटरची काळी रेघ. या पाच रंगांत तिला ४० प्रती हव्या होत्या. चहाची वाफ छापायची नव्हती. तेवढा कागद कोराच सोडायचा होता, आणि मला ती कल्पना फार आवडली.

चहाचा रंग ठरवायलाच अर्धा दिवस गेला. आमच्या जुन्या कारागिराने टपरीवरचा भरलेला ग्लास ट्यूबलाइटखाली धरला, तपकिरीत थेंबथेंब नारिंगी मिसळत कागदाच्या तुकड्यांवर नमुने ओढले आणि सातव्या नमुन्याला चित्रकर्तीने मान डोलावली.

स्क्रीन छपाईत रंग जाळीच्या फ्रेममधून कागदावर ओढतात; प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी असते आणि कागद दर वेळी त्याच खुणांना टेकवावा लागतो. पहिले तीन रंग नीट बसले. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा रंग ओढला, तेव्हा ग्लासच्या उजव्या कडेला नखाच्या कोरीएवढी पांढरी फट राहिली. कारागीर म्हणाला, "दादा, कागद फुगलाय." पट्टी लावून पाहिले, तर दोन खुणांमधले अंतर जवळजवळ एक मिलिमीटरने वाढले होते. सुती कागदाचा गठ्ठा रात्री खिडकीजवळ राहिला होता आणि पावसाची दमट हवा त्याने शोषून घेतली होती. चूक माझी होती.

चित्रकर्ती समजूतदारपणे म्हणाली, "काका, राहू द्या असंच." पॉप आर्टचा प्रसिद्ध अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या चित्रांसाठी हेच तंत्र वापरले होते आणि त्यांतल्या अनेक चेहऱ्यांत ओठांचा रंग काळ्या छपाईशी नेमका जुळत नाही, हे तिने मला सांगितले. ते मला पटले. पण तिथे ती विसंगती चेहऱ्याला शोभते, इथे त्या फटीमुळे ग्लास भरलेलाच वाटत नव्हता, आणि काठोकाठ भरलेला ग्लास हाच तर त्या चित्रातला आनंद होता.

आम्ही उरलेले कागद बंद खोलीत रॅकवर पसरले, मोठे बल्ब लावले आणि रात्रभर थांबलो. सकाळी माप जवळपास पूर्ववत झाले होते. जादा कागद आधीच छापून ठेवल्याने वाया गेलेल्यांची भरपाई झाली. त्या कागदांवर चहाचा रंग ओढून झाल्यावर दुपारी काळ्या रंगाची फ्रेम लावली, कारागिराने स्क्विजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, एका दमात अंगाकडे ओढली, आणि फ्रेम वर उचलताच उरलीसुरली फट रेघेखाली झाकून ग्लास पूर्ण भरलेला दिसला. चित्रकर्ती काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग पेन्सिल मागून घेतली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत १/४० असे लिहिले.