तुम्ही विचारलंत म्हणून : गल्फला जाताना चार्जर, पिना, पॉवर बँक

"पोरगा दुबईला निघालाय, चार्जर-बिर्जर काय काय घेऊन देऊ?" चिपळूण असो, राजापूर असो की सावंतवाडी, प्रश्न हाच येतो. आणि तोवर जगभर चालणारा मोठा चौकोनी अडॅप्टर बहुतेकांनी घेऊनही टाकलेला असतो. गल्फसाठी त्याची गरज नाही.

दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, बहारीन या ठिकाणी वीज आपल्यासारखीच, २३० ते २४० व्होल्ट. फरक आहे तो पिनांचा. आपल्या गोल, तिथल्या तीन जाड चपट्या. याला टाइप जी म्हणतात. ब्रिटन आणि सिंगापूरलाही हाच प्रकार आहे. आपला गोल पिनांचा प्लग ज्यात बसतो आणि खाली चपट्या पिना असतात, असे साधे अडॅप्टर दोन-तीन घ्या. बाजारात तो 'दुबई पिन' म्हणून मागितला तरी समजतो. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'इनपुट १००–२४० व्होल्ट' छापलेलं असलं, की तो अमेरिकेच्या १२० व्होल्टवरही चालतो. मिक्सरवर मात्र नुसतं २३० लिहिलेलं असतं. अडॅप्टर व्होल्ट बदलत नाही, फक्त पिना जुळवतो, म्हणून मिक्सर अमेरिकेला नेऊ नका.

आता एक कळकळीची विनंती. टाइप जी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झडप असते. वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की ती झडप सरकते. खोल्यांतून राहणारी मुलं वरच्या भोकात पेन किंवा काडी खुपसून झडप उघडतात आणि आपला दोन पिनी चार्जर तसाच दाबून बसवतात. तो बसतो, पण ढिला. ढिल्या जोडावर ठिणगी पडते, प्लग तापतो, प्लास्टिक वितळतं. शिवाय टाइप जी प्लगच्या पोटात फ्यूज असतो, तो या जुगाडात वगळला जातो. मोबाईल उशाशी चार्जिंगला लावून झोपणाऱ्याने हे अजिबात करू नये.

लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरला वेगळा उपाय. स्वस्त चौकोनी अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा अर्थिंग जोडलेलंच नसतं, मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. चार्जरचा ठोकळा आहे तोच ठेवा, त्यात घुसणारी सुटी वायर तेवढी टाइप जी प्लगची घ्या. ती तिकडे कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर एका अडॅप्टरवर सगळे चार्जर लागतात. पण अडॅप्टर ६ अँपिअरचा असेल तर २३० व्होल्टला तो जेमतेम १३८० वॅट सोसतो. १५०० वॅटची किटली त्यावर लावायची नाही.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर वर केबिनमध्ये कर्मचारी धावून येतात, खाली सामानाच्या पोटात कोणी पोचू शकत नाही. (सुकं खोबरंही चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं. आईने बांधलेली पुडी आधी तपासा.) पॉवर बँकेची मर्यादा १०० वॅट-अवरची. तिच्यावर छापलेल्या मिलिअँपिअर-अवरला (mAh) ३.७ ने गुणा, हजाराने भागा : २०,००० ची ७४ होते, चालते. ३०,००० ची १११ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. छापील आकडा पुसला असेल तर तपासणीत अडवतात. एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे, आणि विमानात ती वापरायलाही बंदी आहे. म्हणून विमानतळाकडे जाताना गाडीत रात्रभर व्हिडिओ बघून मोबाईल संपवू नका, विमानतळावर तिकीट त्यातच दाखवायचं असतं. छापील प्रत खिशात असलेली बरी.

यूएसबी-सीच्या सगळ्या वायरी सारख्याच दिसतात, पण साधी ६० वॅटपर्यंतच पोचते. लॅपटॉपला १०० वॅटची घ्या.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत वर्षभर पडून राहिलेल्या वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढतो. पावसात निघत असाल तर निघण्याआधी आठवडाभर प्रत्येक वायर वापरून बघा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आणि बँकेला जोडलेल्या नंबरचं रोमिंग घरूनच सुरू करून घ्या. ओटीपी त्यावरच येतात. तिकडे पोचल्यावर सुरू करू म्हटलं, तर कंपनीच्या अॅपमध्ये शिरायचा ओटीपीही अनेकदा त्याच बंद नंबरवर जातो.