डांबरी रस्ता सोडून पाणंदीनं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'नाशिक-दिंडोरी रस्ता एवढा चांगला असताना त्या धुळीच्या पाणंदीतून सायकल का चालवता?' हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारलाय, नणंदेनं विचारलाय, आणि मोहाडीच्या शिवारात एका आजोबांनी तर हँडलवर हात ठेवून विचारलं होतं, "बाई, वाट चुकली का? डांबरी त्या अंगाला हाय." त्यांना मी एवढंच म्हटलं, "बागा बघायला आलेय, बाबा." त्यांनी हात काढला आणि पुढच्या वळणाला कुत्री आहेत, असं बजावून मला जाऊ दिलं.

तेच उत्तर जरा सविस्तर देते.

गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीच्या गच्चीवर बसून मीही द्राक्षांचे मळे पाहिलेत. सुंदरच दिसतात. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, त्यानंतर नाशिकच्या आसपास वायनऱ्या वाढल्या. मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी तिथंच येतात आणि डांबरी रस्ता त्यांना बरोबर त्या दारात नेऊन सोडतो. पण इथल्या बहुतेक बागा वाईनच्या नाहीतच, खायच्या द्राक्षांच्या आहेत, हे मला कळलं ते सायकलवरून. खायच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, नाहीतर तारा इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या असतात. वाईनच्या वेली मात्र कुंपणासारख्या उभ्या, ओळीनं. घडही निराळे: वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, आत बिया. आता चालत्या सायकलवरून नुसत्या नजरेनं मला फरक ओळखता येतो आणि त्याचा मला खरोखर आनंद होतो.

माझी नेहमीची फेरी पन्नासेक किलोमीटरची. मखमलाबादकडून निघायचं, रामशेजच्या पायथ्याला आशेवाडीपर्यंत जायचं, तिथून शिवाररस्त्यांनी ढकांबे, जानोरी, मोहाडी. रामशेज हा लहानसा किल्ला, पण १६८२ पासून त्यानं औरंगजेबाच्या फौजेला काही वर्षं दाद दिली नाही. त्या कातळाखालून जाताना मी दर वेळी थांबते. पाणी पिते आणि वर बघते.

सायकलबद्दलही विचारता. माझी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवरही चालणारी सायकल. तिचं हँडल रोड बाईकसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर रुंद (माझे ४० मिलिमीटरचे), ब्रेक डिस्कचे आणि चढासाठी हलके गिअर. या भागात डांबर, मुरूम, खडी आणि काळी माती दर दोन-चार किलोमीटरला बदलते. रोड बाईकचा बारीक टायर मुरमात रुततो, डोंगरवाटांची माउंटन बाईक डांबरावर जड जाते. टायर ट्यूबलेसच हवेत, कारण बांधावर बाभळी आहेत. गेल्या हिवाळ्यात ढकांब्याच्या पुढं बोटाच्या पेराएवढा काटा घुसला. फुस्स आवाज आला आणि आतलं पांढरं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, दुधासारखं बुडबुडत बाहेर येऊ लागलं. मी काटा उपसला, चाक फिरवून भोक खाली आणलं आणि थांबले. बुडबुडे हळूहळू बारीक होत गेले, मग बंद झाले. पंपाचे पंधरा-वीस हात मारले आणि निघाले. ट्यूब असती तर तिथंच अर्धा तास गेला असता.

पण ही सगळी झाली साधनं. मी जाते ते कामं बघायला.

युरोपात थंडीत वेल झोपते, म्हणून छाटणी वर्षातून एकदा. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: तिच्यातून नवी काडी तयार होते आणि घडाची बीजं त्या काडीच्या डोळ्यांतच, म्हणजे कोंब फुटायच्या जागीच, धरतात. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिचा माल जानेवारीपासून पुढं निघतो. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण एप्रिलच्या उन्हात उघडे ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे फाटे, बघत गेलात, जूनमध्ये त्याच वेलींच्या काड्या गुडघ्याएवढ्या, मग डोक्याएवढ्या झालेल्या पाहिल्यात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्या कापलेल्या दिसल्या, की एका घडामागं वर्षभराचं काम आहे हे अंगातच भिनतं. गोडी छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एकेका डोळ्याला हातानं पेस्ट लावतात. एका एकरात असे किती डोळे असतील, मीच विचार करते. पुढं घडांची विरळणी येते. एका बाईंनी मला ती करून दाखवली. डाव्या हातात घड, उजव्या हातात बारीक कात्री, आतले मणी टिपून काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. मी एक घड केला. तेवढ्यात त्यांचे चार झाले होते.

आणि जानेवारीची एक पहाट सांगायलाच हवी. पारा खूप उतरला की पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या मण्यांना तडे जातात. त्या दिवशी मी अंधारातच निघाले होते. जानोरीच्या अलीकडं बागांवर धूर साचलेला दिसला. ओळींच्या टोकाला शेकोट्या पेटवलेल्या, नवरा-बायको आलटून पालटून पालापाचोळा टाकत होते. ठिबकही सुरू होतं. एवढ्या थंडीत पाणी कशाला, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "हात लावून बघा." मी हातमोजा काढून नळीखाली बोटं धरली. विहिरीचं पाणी, चक्क कोमट. त्या कोमट पाण्यानं मुळाशी ऊब राहते. त्यांनी मला शेकोटीपाशी बसवलं आणि बिनदुधाचा चहा दिला. हायवेवरून जाताना मला लांबून नुसता धूर दिसला असता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो हल्ली जास्त येतो: 'हे कच्चे रस्ते पक्के झाले तर तुमचं काय?' इटलीत, कियान्तीच्या द्राक्षटेकड्यांत, पांढऱ्या खडीचे रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले गावात जुन्या सायकलींची 'लेरोइका' ही फेरी सुरू झाली. ते रस्ते वाचले याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तीच मागणी मी दिंडोरीत करणार नाही. खाचखळग्यातून क्रेट हादरत गेले की मणी दुखावतात, निर्यातीचा माल दुखावला की भाव पडतो. पावसाळ्यात चिखलात ट्रॅक्टर अडकतो. शेतकऱ्याला पाणंद पक्की हवी असेल तर ती व्हावी. माझे टायर डांबरावरही चालतात.

कच्च्या रस्त्यावरून जाताना मात्र मी एक गोष्ट पाळते. कडेच्या ओळींवर धूळ बसते आणि माल खराब होतो, म्हणून लोक रस्त्याच्या बाजूनं जुन्या साड्या बांधतात. जांभळ्या, पोपटी, विटलेल्या काठाच्या. साड्या दिसल्या की मी वेग उतरवते. ट्रॅक्टरचा ब्लोअर फवारत असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबते. आणि न विचारता मणी तोडत नाही. एकदा विचारलं तेव्हा एक दादा म्हणाले, "या प्लॉटला कालच औषध मारलंय. पुढं पत्र्याच्या शेडपाशी तोड चालूय, तिथं मागा." तिथं मागितलं तर ओंजळभर मिळाली.

२०२३ च्या नोव्हेंबरात, २६ तारखेला, निफाड-दिंडोरीकडं गारपीट झाली. पुढच्या रविवारी मी नेहमीच्या वाटेनं गेले. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, काड्यांवर गारांचे वळ होते, घड वेलींखालच्या मातीच्या बोदावर पडून कुजत होते. आंबूस वास येत होता. एरवी हाक मारणारे एक दादा कुंपणाशी उभे होते. काय बोलावं ते मला सुचेना. सायकल आडवी ठेवून मी तिथंच उभी राहिले. वादळात त्यांच्या साड्या सुटून तारेला लोंबत होत्या, एकेक सोडवून ते पुन्हा बांधत होते. मी विचारलं, "आता कशाला, दादा?" ते म्हणाले, "वेल जित्ती हाय ना. पुढच्या सालाची काडी हिच्यावरच धरायची." मग एक साडी झटकली, तिचं टोक माझ्याकडं केलं आणि म्हणाले, "एवढं धरता का?"

मी धरलं.