नानशियांगला जाऊन खाल्लेले शियाओलोंगबाओ

शियाओलोंगबाओ, म्हणजे आत मांसाचं सारण आणि गरम रस असलेले, मोदकासारखे वाफवलेले छोटे चिनी बाओ, खायला शांघायमध्ये बहुतेक पर्यटक युयुआन बागेशेजारच्या १९०० सालच्या जुन्या दुकानापुढे रांग लावतात. मी मात्र मेट्रोच्या ११ नंबरच्या लाइनने थेट नानशियांग गाठलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. शहराच्या वायव्येचं हे जुनं गाव या पदार्थाचं माहेर. एकोणिसाव्या शतकात इथल्या ह्वांग मिंगशियान यांनी मोठा वाफवलेला बाओ (सारण भरलेला पाव) लहान केला, पारी पातळ केली, सारण वाढवलं, असं सांगतात. मिंग काळातली गुयी बाग बघून झाली की तिथेच आसपास खायला बसावं.

आतला रस कुणी ओतलेला नसतो. डुकराची कातडी तासन्‌तास उकळून तिचा अर्क काढतात. तो गार झाला की जेलीसारखा थिजतो. मग बारीक करून खिम्यात मिसळतात. बिनयीस्टच्या गव्हाच्या पिठाची पारी लाटायची, कडेने बारीक कळ्या पाडत तोंड मिटायचं आणि बांबूच्या टोपलीत वाफवायचं. वाफेत जेली वितळते आणि पारीच्या आत रस तयार होतो. कळ्या घालणाऱ्या बायकांचे हात बघत मी बराच वेळ उभी होते; भूक लागलेली असूनही तिथून हलवेना.

खायची रीत तिकडे एका तुकबंदीतच सांगतात: हळूच उचला, सावकाश आणा, आधी खिडकी उघडा, मग रस प्या. चॉपस्टिक्सने कळ्यांपाशी धरून उचलायचं, खाली चमचा धरायचा, कडेला छोटासा चावा घ्यायचा. वाफ जाऊ द्या. रस जीभ पोळण्याइतका कढत असतो. पहिला घोट नुसताच घ्या. आल्याच्या बारीक काड्या आणि चेनच्यांगचं काळं व्हिनेगर त्यानंतर. आधीच व्हिनेगरमध्ये बुडवलं तर त्या रसाची गोडसर चव कळतच नाही, आणि सगळी मेहनत तर त्या रसासाठीच असते.

शरदात खेकड्याचं मांस आणि गाभोळी घातलेले मिळतात. महाग, पण जरूर खावेत. त्यातही बहुधा डुकराचं मांस असतंच, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं.

आणखी एक, सगळ्या टोपल्या एकदम मागवू नका. एक संपत आली की दुसरी सांगा. निवलेल्याची पारी तळाला चिकटते, उचलताना फाटते आणि रस टोपलीतच सांडतो.