निळी गोळी आणि खिशातली सॉर्बिट्रेट
मेडिकलवाल्याला हळूच 'ती गोळी द्या' म्हणणारे भरपूर, डॉक्टरला विचारणारे कमीच. ही गोळी म्हणजे सिल्डेनाफिल, लिंगाला ताठरता यायला मदत करणारी. ती मुळात अंजायनासाठी, म्हणजे छातीच्या दुखण्यावर तपासत होते, तिथं फार जमलं नाही पण ताठरतेचा हा भलताच परिणाम दिसला आणि 1998 ला अमेरिकेत व्हायग्रा नावानं मंजुरी मिळाली. गोळी खाल्ली की आपोआप सगळं होतं असं नाही हां, इच्छा लागतेच, गोळी फक्त तिथला रक्तपुरवठा वाढायला मदत करते. साधारण तासभर आधी घेतात, तेलकट तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. टाडालाफिल ह्या तशाच दुसऱ्या गोळीचा असर मात्र 36 तासांपर्यंत टिकू शकतो.

आता खरं महत्त्वाचं. आपल्याकडे हार्टवाल्या काकांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते, ती नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, आणि ती नि ही ताठरतेची गोळी एकत्र आल्या तर बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जिवावर बेतेल. छातीत दुखायला लागलं तर लाजबिज सोडून डॉक्टरला सांगायचं की अमुक गोळी अमुक वाजता घेतलीय. आणि ताठरता न येणं ही कधीकधी शुगरची नाहीतर हृदयविकाराची पहिली खूण असते, परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या की ती तपासणी राहूनच जाते.