पत्र पुरं होऊ दे

रविवार, रात्री साडेअकरा

वाशीच्या पुलावर दादाने हात पुढे केला आणि गाणं बंद केलं. गाणंही नव्हतं ते. ब्लिंक-१८२ या अमेरिकन बँडचं 'स्टॉकहोम सिंड्रोम' सुरू होण्याआधी एक बाई संथ आवाजात पत्र वाचते, तिचं वाक्य मध्येच तुटलं. "हे लोक इथूनच बिघडले," दादा म्हणाला. मग हसला. "तूसुद्धा आधी कशी मजेत असायचीस गं."

तो लगेच पेट्रोलच्या भावावर गेला. मी भांडी आवरली, दूध तापवलं, दिवा घालवून पडले, पुन्हा उठले, तरी त्याच वाक्याशी आहे.

ब्लिंक-१८२ मला दिले त्यानेच. त्यांचा १९९९चा अल्बम 'एनिमा ऑफ द स्टेट' त्याने कुणाकडून तरी सीडीवर उतरवून आणला होता. भरधाव गिटार, आचरट विनोद, आणि आम्ही दोघं पलंगावर उड्या मारतोय. बाबा बाहेरून ओरडायचे. बाबांचं आज नको.

आणि मग २००३चा तो अल्बम, पुलावर बंद केलेला, ज्याला त्यांनी नावसुद्धा दिलं नाही. माणसं तीच तिघं, निर्माता जेरी फिनही तोच. पण गिटारवाला टॉम आणि बेसवाला मार्क तोवर बाप झाले होते, ड्रमर ट्रॅव्हिसला तर अल्बम यायच्या महिनाभर आधी मुलगा झाला. मधल्या काळात टॉमने ट्रॅव्हिसला घेऊन बॉक्स कार रेसर हा वेगळा बँड काढला आणि मार्क बाहेर राहिला. ते मार्कला किती लागलं असेल, हे मला आज जास्त कळतंय. तरी तिघं सॅन डिएगोजवळ भाड्याच्या घरात एकत्र बसले आणि कामाला लागले.

'आय मिस यू' आत्ता पुन्हा ऐकलं, इअरफोन लावून. उभा बेस आहे, तो उभा धरून वाजवायचा मोठा लाकडी, आणि ट्रॅव्हिस काठ्यांऐवजी ब्रशने वाजवतोय. एरवी ज्याचे हात नजरेला सापडत नाहीत, तो ड्रमच्या कातड्यावरून ब्रश घासत नेतो, अंगणात कुणी हलक्या हाताने केर काढावा तसा. एवढा वेग अंगात असताना तो आवरून धरायचा, याला बिघडणं म्हणायचं?

आणि ते पत्र. मार्कच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात असताना आजीला लिहिलेली पत्रं आहेत ती, अभिनेत्री जोआन व्हॅलीने वाचलेली. पूर्वी ज्यांना वाह्यात विनोदांवाचून चैन पडत नव्हतं, त्यांनी घरातली ही पत्रं बाहेर काढली आणि अल्बममध्ये ठेवली. दादाने बंद केलं ते नेमकं हेच.

"आधी मजेत असायचीस." आधी म्हणजे कधी रे? पलंगावर उड्या मारायचो तेव्हा? मी हसायची थांबलेय असं त्याला खरंच वाटतं का? की मी गप्प असले की त्याला... जाऊ दे.

त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही खरं आहे. हा अल्बम नोव्हेंबर २००३मध्ये आला आणि फेब्रुवारी २००५मध्ये बँड थांबला. सव्वा वर्ष फक्त. २००९मध्ये ते परत आले, पण दादा तोवर ऐकायचा थांबला होता. मला इथे एक दार उघडलेलं दिसतं, त्याला इथे त्याची आवडती पोरं हातची गेलेली दिसतात. त्याचंही काही गेलंच आहे. तो ते बोलत नाही, आवाज मोठा करतो.

येताना त्याने जुनंच लावलं. काचा खाली, बेसूर, गळा फाडून. मीही म्हटलं, सगळं पाठ आहे अजून. टोलनाक्यावर शेजारच्या गाडीतलं पोर आमच्याकडे बघून हसलं, तेव्हा दादाने त्याला हात केला. किती दिवसांनी पाहिलं त्याला असं.

पुढच्या रविवारी जाताना त्याची गाणी लावीन, हवी तितकी. मग हा अल्बम. त्याचा हात पुढे आला तर सांगेन, थांब, पत्र पुरं होऊ दे.